दहा पाय

आमच्या घरच्या माळ्यावर दहा पाय आहेत आणि त्यातला एकही चालत नाही.

हिशेब सांगतो. ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, पाय तीन. ‘हलका’ ट्रायपॉड, पाय तीन. कार्बन फायबरचा ट्रायपॉड, पाय तीन. मोनोपॉड, पाय एक. शिवाय मण्यामण्यांच्या पायांचा, कुठेही गुंडाळता येणारा एक चिमुकला ट्रायपॉड आहे. पण त्याच्या त्या अवयवांना पाय म्हणावं की शेपट्या, यावर घरात एकमत नसल्यामुळे ते मोजलेले नाहीत. ही सगळी खरेदी मी प्रवासातलं ओझं कमी व्हावं म्हणून केली. परवा स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक ठेवून वजन केलं. सगळं मिळून ६ किलो ४०० ग्रॅम भरलं.

वजनाचा विषय निघाला की ‘मग आधी स्वतःचं दहा किलो उतरवा की’ हा विनोद कोणालाही सुचतो. तो आमच्या हिने पहिल्या खरेदीच्या दिवशीच केलेला आहे. वाचकांनी पुन्हा तसदी घेऊ नये.

सुरुवात कोल्हापुरात झाली. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावतात. पायऱ्या, कट्टे, दीपमाळा, जिथे म्हणून जागा सापडेल तिथे पणती. आणि खाली पाण्यात पुन्हा तेवढ्याच. मी नवा कॅमेरा गळ्यात घालून चार वाजता हजर. दोन तास फोटो काढले. घरी येऊन संगणकावर पाहिले तर पणती एकही नाही, सगळीकडे केशरी शेवया. “रांगोळी छान आलीये,” असं ही म्हणाली, आणि ती मनापासून म्हणत होती.

कॅमेऱ्याला अंधारात दिसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याला हात स्थिर ठेवता येत नाही, एवढीच काय ती अडचण. जुन्या फोटोग्राफरांचा एक ठोकताळा आहे: लेन्स जेवढ्या मिलिमीटरची, सेकंदाच्या तितक्याव्या भागात फोटो उरकायचा. ५० ची लेन्स असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग, २०० ची असेल तर दोनशेवा. याहून जास्त वेळ लागला की हाताचा हिवताप फोटोत उतरतो. पहाटेच्या पणत्यांना अर्धा-एक सेकंद तरी द्यावा लागतो. एक सेकंद किती मोठा असतो हे कळायचं असेल, तर चहाने भरलेला कप बशीसकट एका हातात धरा आणि कपबशीचा आवाज ऐका. बरं, आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची जाण वाढवून वेळ वाचवावा, तर काळोखाच्या जागी सगळीकडे रवा सांडल्यासारखं दिसतं. शेवया नको असतील तर रवा. एकूण कारखाना नाश्त्याचाच.

म्हणजे टेकू हवा. आणि टेकू म्हटलं की तीन पाय. ही गोष्ट आपल्याकडे कॅमेरा यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती. देवघरातली शंखाची अडणी पाहा, पाय तीन. शेतावर चूल मांडायची तर दगड तीन. जेवणाच्या टेबलाला चार पाय असतात म्हणून तर त्याच्या एका पायाखाली कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका घडी करून घातलेली असते. अडणीखाली कधी पत्रिका पाहिली आहे? जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय टेकतातच. चौथा आला की कुरबुर सुरू. आमची आजी असती तर तिने ट्रायपॉडला बघताक्षणी ‘तिकाटणं’ म्हटलं असतं आणि त्यावर ताकाचं गाडगं ठेवलं असतं. तीन पक्षांच्या सरकारला हा भूमितीचा नियम का लागू पडत नाही, हा या लेखाचा विषय नाही.

या क्षेत्रात जाणकार फुकट मिळतात. त्यातल्या एकाने बजावलं, “घ्यायचाच तर भक्कम घे. आयुष्यात एकदाच.” मी आयुष्यात एकदाचा पहिला ट्रायपॉड घेतला. ३ किलो १०० ग्रॅम. दुकानाच्या फरशीवर तो असा काही उभा राहिला की जणू इमारत नंतर त्याच्याभोवती बांधली असावी.

त्याला घेऊन मी कळसूबाईला गेलो. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात त्याच्यावर शिखर नाही. सूर्योदय गाठायचा तर बारी गावातून रात्री अडीचच्या सुमाराला निघावं लागतं. पहिल्या तासात ट्रायपॉड उजव्या खांद्यावर होता, दुसऱ्या तासात डाव्या, आणि तिसऱ्या तासात मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. शेवटी पाठीवरच्या पिशवीला आडवा बांधला. कळसूबाई चढलेल्यांना पुढे काय झालं ते कळलं असेल. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि शिड्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आहेत. मी आत शिरलो, ट्रायपॉड बाहेर राहिला. पुढे जाता येईना, मागे तीसेक बॅटऱ्या खोळंबलेल्या. “काका, तिरके व्हा,” एक मुलगा म्हणाला. तिरका झालो, तर ट्रायपॉडचं मुंडकं कठड्यात अडकलं. “काका, आधी तो जाऊ दे, मग तुम्ही या,” असा दुसरा सल्ला आला. शेवटी ट्रायपॉड हातोहात वर गेला. पालखी जावी तसा, आणि मागून मी.

वर ढग. सूर्य उगवला असावा, कारण ढग आधी काळे होते ते पांढरे झाले. देवळाजवळ लिंबूसरबत विकणाऱ्या एका पोराने माझा ट्रायपॉड एका हाताने उचलून तोलला आणि म्हणाला, “सर, एवढ्या वजनात माझी आख्ख्या दिवसाची लिंबं येतात.” तो ती रोज वर आणतो आणि विकतो. मी हे लोखंड वर आणलं होतं आणि तसंच खाली नेणार होतो. लोखंड नाही, ॲल्युमिनियम. पण त्या उताराला असले फरक कळत नाहीत.

ही रड जुनी आहे म्हणा. सॅम्युअल बोर्न नावाचा इंग्रज फोटोग्राफर १८६३ मध्ये सिमल्याहून हिमालयात निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, जागच्या जागी प्लेट धुवायला अंधारखोलीचा तंबू, असा सगळा संसार. तीन वर्षांनी त्याने मणिरंग खिंडीत १८,६०० फुटांवर कॅमेरा लावला आणि पुढची वीस वर्षं तो उंचीचा उच्चांक राहिला. तीस हमाल असले की ट्रायपॉड हलका घ्यावा की जड, हा प्रश्नच पडत नाही. मला पडला, कारण माझ्याकडे हमाल एकच होता आणि तो मी होतो.

म्हणून दुसरा ट्रायपॉड. दुकानदार म्हणाला, “साहेब, करंगळीवर उचला.” उचलला. १ किलो ५० ग्रॅम. “मिटला की छत्रीएवढा.” मिटवला. खरोखर छत्रीएवढा. खोक्यावर लिहिलं होतं, ८ किलो भार पेलतो. माझा कॅमेरा लेन्स धरून दीड किलोचा. म्हणजे उरलेल्या साडेसहा किलोंचं काय करायचं, एवढाच प्रश्न. दुकानात वारा नव्हता, पंखासुद्धा बंद होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

छत्रीएवढा मिटायचा तर पायात पाय, त्यात पाय असे पाच टप्पे करावे लागतात. वरचा टप्पा केळफुलाच्या देठाएवढा, आणि शेवटचा, जो जमिनीला टेकतो तो, उदबत्तीहून थोडा बरा. एवढं करूनही उंची माझ्या छातीपर्यंतच. मग मधली दांडी वर काढायची. दांडी वर काढली की तीन पायांवर आणखी एक पाय उभा राहतो, आणि त्याच्या टोकावर कॅमेरा. बगळ्याच्या डोक्यावर नारळ ठेवावा तसा.

हा बगळा मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नेला. तिथला वारा खालून वर येतो. टोपी उडाली तर दरीत पडत नाही, वर येऊन तोंडावर बसते. चांदण्यांचा फोटो, वीस सेकंदांचा. पहिल्या फोटोत प्रत्येक चांदणीला शेपूट. दुसऱ्यात दोन शेपट्या. बरोबरच्या जाणकाराने (हा वेगळा जाणकार, पहिला घरी झोपला होता) सांगितलं, मधल्या दांडीच्या खाली हुक असतो, त्याला पिशवी अडकव, ट्रायपॉड जड होईल.

इथे मी थोडा वेळ स्वस्थ बसलो. तीन किलोचा ट्रायपॉड जड म्हणून मी एक किलोचा घेतला; आता तो हलका म्हणून त्याला चार किलोची पिशवी बांधायची. बांधली. वाऱ्याने पिशवी पाळण्यासारखी झुलायला लागली आणि तिच्याबरोबर ट्रायपॉडही अंगाई म्हणायला लागला. मग पिशवी दोरीने इतकी खाली सोडली की तिचं बूड जमिनीला जेमतेम टेकेल. ते जमलं. मधली दांडी पूर्ण आत ढकलली, उदबत्तीचे टप्पे मिटवून टाकले, आणि उरलेल्या गुडघ्याएवढ्या ट्रायपॉडसमोर मी पालथा पडून फोटो काढला. चांगला आला. त्या फोटोत माझा ट्रायपॉड एक किलोचा नव्हता, पिशवी धरून पाच किलोचा होता.

त्या रात्रीचं सगळं शहाणपण इथेच सांगून टाकतो, कारण पुढे मला वेळ होणार नाही. दुकानात जाल तेव्हा स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःची लांबात लांब लेन्स घेऊन जा. पाय पूर्ण उघडा, मधली दांडी मात्र वर काढू नका. तेवढ्यावर कॅमेरा तुमच्या हनुवटीपर्यंत आला तर पुढे बोला. वरून तळहाताने दाबा, मग मुंडकं धरून हलकेच पिळा. दाबून कोणताही ट्रायपॉड उभा राहतो, पिळल्यावर खरा कळतो. खोक्यावरचा किलोचा आकडा वाचू नका. ट्रायपॉड भाराने मोडत नाही, वाऱ्याने डोलतो, आणि डोलण्याचा आकडा कुठलीच कंपनी खोक्यावर छापत नाही. आणखी एक. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला की लेन्समधली हात स्थिर करणारी यंत्रणा बंद करा, विशेषतः लेन्स जुनी असेल तर. तिला हलणं शोधायचीच सवय असते. काही हलत नसलं की ती स्वतःच हलवून बघते. असे नातेवाईक प्रत्येक कार्यात एकदोन असतात.

मोनोपॉड आणि शेपट्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शेपटीवाला कुंपणाला, फांदीला, एसटीच्या खिडकीच्या गजाला, कशालाही गुंडाळता येतो. फक्त कॅमेरा मोबाइलपेक्षा जड असेल तर गुंडाळल्यावर तो हळूहळू वाकत जातो आणि फोटो निघेपर्यंत जमिनीला नमस्कार करतो. मोनोपॉड उभा धरून ठेवावा लागतो, म्हणजे टेकूलाच टेकू. पण गड उतरताना काठी म्हणून आणि वाडीतल्या कुत्र्यांशी बोलणी करताना त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून तो बाहेर आला तेव्हा जवानाने विचारलं, “ये क्या है?” मी म्हटलं, “मोनोपॉड.” “करता क्या है?” मी खरं ते सांगितलं, “खडा रहता है.” त्याने माझ्याकडे, मग काठीकडे पाहिलं आणि तिला सामानात टाकून यायला सांगितलं. असल्या काठीचं काय करायचं ते त्या वेळच्या जवानावर असतं. परत येताना दुसऱ्या विमानतळावर कोणी बघितलंही नाही.

मग कार्बन.

“कार्बन म्हणजे कोळसाच ना?” हिने विचारलं. रसायनशास्त्रात ती माझ्यापेक्षा हुशार होती. मी म्हटलं, कोळसा नव्हे, तंतू. ॲल्युमिनियमपेक्षा बराच हलका, धक्का बसला तर थरथर लवकर शमते, आणि थंडीत ॲल्युमिनियम हाताला डसतं तसा डसत नाही. “आपण पुण्यात राहतो,” ती म्हणाली. किंमत मी इथे लिहीत नाही. हा अंक घरी येतो.

पण वस्तू खरोखरच चांगली. १ किलो ३०० ग्रॅम, पिळलं तरी जागचा हलत नाही. त्याला मऊ कापडाची पिशवी मिळाली होती आणि त्या पिशवीला मी दुसरी पिशवी आणली. पावसात नेला नाही, कारण पाऊस. समुद्रावर नेला नाही, कारण खारी हवा. वाळूत नेला नाही, कारण पायांच्या आट्यांत वाळू जाते आणि फिरवताना दळणाचा आवाज येतो. शेवटी असं ठरलं की जिथून सगळी सुरुवात झाली तिथेच त्याचा मुहूर्त करायचा. त्रिपुरी पौर्णिमा, पंचगंगा घाट, पहाटे चार.

या वेळी ही बरोबर होती. घाटावर ट्रायपॉडांचं रान उगवलेलं. पणत्या लावणाऱ्यांपेक्षा टिपणारे जास्त. मी जागा धरली. पाय उघडले, खटक खटक खटक. आजूबाजूच्या दोघातिघांनी वळून पाहिलं. कार्बनचा आवाज जाणत्या कानाला कळतो. बॅगेतून कॅमेरा काढला, मुंडक्यावर ठेवला. बसेना. उलटा करून बघितला.

ज्यांनी ट्रायपॉड वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या पोटाला एक धातूची प्लेट स्क्रूने लावलेली असते, खाऊच्या बिस्किटाएवढी. ती ट्रायपॉडच्या जबड्यात बसते. ती प्लेट नसेल तर हजारो रुपयांचा ट्रायपॉड आणि कपडे वाळत घालायची घोडी यात घोडी जास्त उपयोगी. आदल्या रात्री बॅटरी बदलताना मी ती काढली होती, कारण ती बॅटरीच्या झाकणावर येते. काढून कुठे ठेवली, ते मला त्या क्षणी घाटावर लख्ख दिसलं. टीव्हीजवळ, रिमोटच्या शेजारी. पुण्यात.

शेजारच्या एका तरुणाने स्वतःची जास्तीची प्लेट देऊ केली. भला मुलगा. ती दोन मिलिमीटरने रुंद निघाली. त्याच्या पलीकडच्याची अरुंद निघाली. पाच मिनिटांत आमच्या कोपऱ्यात प्लेटांचा वधूवर मेळावा भरला आणि एकही पत्रिका जुळली नाही. आकाश उजळायला लागलं. एका आजींनी तेलाची बाटली असलेली पिशवी माझ्या ट्रायपॉडच्या मुठीला अडकवली आणि पणत्यांत तेल घालायला वाकल्या. मी काही बोललो नाही. नाहीतरी त्याला वजन हवंच होतं.

“अहो, खाली ठेवा की,” ही म्हणाली.

“काय?”

“कॅमेरा. पायरीवर. ही घ्या.” अंगावरची शाल काढून तिने चार घड्या घातल्या आणि पायरीवर ठेवली. मी शालीच्या मधोमध कॅमेरा दाबून बसवला, लेन्सखाली घडीचा एक काठ सरकवून नाक थोडं वर केलं, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल अशी व्यवस्था केली, म्हणजे बोटाचाही धक्का नको. टिक, टिक. मग एक सेकंद.

पणत्या आल्या. एकेक वात वेगळी. आणि कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर असल्यामुळे अर्धी चौकट नुसती प्रतिबिंबांची. उभ्या ट्रायपॉडवरून ते दिसलंच नसतं. त्या रानातल्या सगळ्यांचे फोटो पाच फुटांवरून आले असतील, माझा नऊ इंचांवरून आला. तो आता आमच्या हॉलमध्ये आहे. खाली कुणाचं नाव घालायचं यावर थोडी चर्चा झाली, मग नाव न घालायचं ठरलं.

शालीवरून मी पिशवीवर आलो. धान्याची पिशवी टेकू म्हणून वापरणं जंगलातल्या फोटोग्राफरांना नवं नाही. मला नवं होतं. हिने माझ्या जुन्या जीन्सचा एक पाय कापला, एक तोंड शिवलं, दुसऱ्याला चेन लावली. आत काय भरायचं यावर आठवडाभर प्रयोग झाले. राजमा मोठा, कॅमेरा त्याच्यावर घरंगळतो. साबुदाणा हिने भरू दिला नाही, तोंडावर एकादशी होती. शेवटी मूग. दाणा गोल, गुळगुळीत, कॅमेरा दाबला की त्याच्या आकाराचा खळगा पडतो आणि तो तिथेच राहतो. पिशवी पाऊण भरायची, गच्च नाही. गच्च भरली तर तो लोड होतो, टेकू होत नाही.

कासच्या पठारावर सप्टेंबरात पिशवीचा पहिला खरा उपयोग कळला. सीतेची आसवं हे फूल नखाएवढं, जांभळं, जमिनीलगत. तिथे तीन पाय फाकवले तर एका फुलाच्या फोटोसाठी पंधरा फुलं तुडवली जातात, आणि शिट्टी वाजते ती वेगळीच. पिशवी पायवाटेवर ठेवायची, आपण तिच्यामागे लोळायचं. लेण्यांत, किल्ल्यांतही तेच. पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते. जीन्सच्या पायाकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. (हे वाक्य वाचून ते जाऊ नये म्हणून देवाला नारळ बोललो आहे.)

पण पिशवीचं खरं माहेर ताडोबा. उघड्या जिप्सीत ट्रायपॉड उभा करायला जागा नाही. पुढच्या दांडीवर पिशवी आडवी टाकायची आणि वर लेन्स. विमानाने जाताना पिशवी रिकामी न्यायची, वजन एका रुमालाएवढं. चंद्रपूरला पोचल्यावर किराणा दुकानात दीड किलो मूग मागितले आणि पिशवीचं तोंड त्यांच्यापुढे धरलं. दुकानदाराने मूग ओतता ओतता विचारलं, “साहेब, शिजवाचे हाय का फोटोले?” मी थक्क झालो. “फोटोला असतील तर हे देतो,” त्याने दुसऱ्या पोत्याकडे हात केला, “जुने हायेत, शिजत नाहीत, पण फोटोले चालतात.” या विषयावर मी वाचलेल्या सगळ्या लेखांत इतका नेमका सल्ला मिळाला नव्हता.

मोहर्लीच्या बाजूने आत गेलो. जिप्सीचं एक वैशिष्ट्य असं की इंजिन बंद केल्यावर ती माणसांवर चालते. सहा पर्यटक, गाइड आणि चालक. एकाने पाय बदलला की आठही जण हलतात, आणि आठांच्या हलण्याची बेरीज माझ्या लेन्सच्या टोकाला येऊन पोचते. मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी नेमक्या वेळी चिवड्याची पुडी उघडली. चालक दबक्या आवाजात म्हणाला, “हालू नका ना जी.” सगळे श्वास धरून बसले. समोर सांबर होतं. वाघ नव्हता, पुढेही नव्हता. पण सांबराच्या मिशीचा केस न् केस आला आहे, ज्यांना बघायचा असेल त्यांनी घरी यावं.

संध्याकाळी लक्षात आलं की शिवण उसवली आहे आणि मुगाची बारीक धार लागली आहे. नशीब, जंगलातून बाहेर आल्यावर. आत सांडले असते तर गाइडने मला दाणा दाणा वेचायला लावलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. रात्री उरलेले मूग निवाऱ्यावरच्या बाईंना दिले. त्यांनी ते भिजत घातले, शिजवले, पुन्हा शिजवले, आणि सकाळी मला विचारलं, “कोणी देल्ले जी तुमाले हे?”

यानंतर एकच खरेदी केली, ती हार्डवेअरच्या दुकानात. जगातल्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांच्या पोटाला जे भोक असतं ते पाव इंचाचं, इंचाला वीस आटे. पाव इंच म्हणजे आपल्या सुताराच्या भाषेत दोन सूत. दुकानात जाऊन “कॅमेरा सपोर्ट” म्हटलं तर पोरगा तोंड बघत बसतो. “दोन सुती बोल्ट, अर्धा इंची, एक नट, एक वायसर” म्हटलं तर न बघता हात मागे जातो. बिल नऊ रुपये. बोल्टाला सुतळी बांधायची, बोल्ट कॅमेऱ्यात फिरवायचा (जोर न लावता, आणि नट आधी चढवून, नाहीतर तो खोल जाऊन कॅमेऱ्याचं पोट फाडेल), सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताणायची. वरखाली हलणं थांबतं. सेकंद-सेकंदाचे फोटो यावर निघत नाहीत, पण संध्याकाळच्या बाजारात, देवळाच्या मंडपात, हात जिथे पाव सेकंदालाही नाही म्हणतो तिथे काम होतं. लोक विचारतात, पतंग उडवताय का? हो म्हणतो.

आता प्रवासाला निघताना बॅगेत जीन्सचा एक रिकामा पाय असतो, आणि नऊ रुपयांचा बोल्ट सुतळीसकट. काट्यावर दोन्ही मिळून २१० ग्रॅम. मुलगी म्हणते, बाबा, आता मोबाइललाच रात्रीचे फोटो येतात, हातात धरून. ती पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवते आणि चप्पल मागे लावते. तिने कशावरही एक रुपया खर्च केलेला नाही. तिच्याशी मी या विषयावर बोलत नाही.

तर, माळ्यावरचे दहा पाय द्यायचे आहेत. ॲल्युमिनियमचा भक्कम आहे, एकदाच कळसूबाई झाली आहे. ज्यांना घराजवळच फोटो काढायचे असतील त्यांनी न्यावा. हलका कुणाला देऊ नये असं मन सांगतं, पण मागितला तर देईन. मोनोपॉड कुत्र्यांना परिचित आहे. कार्बनचा नव्यासारखा आहे, दोन्ही पिशव्यांसकट मिळेल, भाव समोरासमोर बोलू, मात्र ही घरी नसताना या. त्याची प्लेट तेवढी सापडत नाहीये. टीव्हीजवळ नाही. सापडली की देतो.